पहिलं वाचन गाळू नका

आज उपासनेत पाळकांनी सांगितलं की वेळ कमी आहे, तेव्हा जुन्या करारातलं, म्हणजे बायबलच्या यहूदी शास्त्र असलेल्या पहिल्या भागातलं वाचन आज घेणार नाही, थेट शुभवर्तमानाकडे, येशूच्या चरित्राकडे जाऊ. आणि गेलो. कुणाला काही वाटलेलं दिसलं नाही. नंतर सूचना मात्र सगळ्या झाल्या, एकही सुटली नाही. घरी आल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

गाळलेलं वाचन कोणतं होतं माहितीये? नहेम्या 8. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात. एज्रा शास्त्री नियमशास्त्राचा, म्हणजे मोशेच्या आज्ञांचा ग्रंथ उघडतो तेव्हा सगळे उठून उभे राहतात आणि पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत ऐकतात. ऐकता ऐकता रडतात. हे वाचन आपण वेळ नाही म्हणून सोडलं! आणि मग वाचलं लूक 4, जिथे येशू आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी, यहूद्यांच्या विश्रांतीच्या शनिवारी, नासरेथच्या सभास्थानात जातो आणि वाचायला उभा राहतो. वाचतो काय, तर यशया, जुन्या करारातलाच संदेष्टा. प्रभू ज्यासाठी उभा राहिला, ते ऐकायला आपण बसायलाही तयार नाही.

उपासना संपल्यावर एका वडीलजनांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, ते सगळं यहूद्यांसाठी होतं. आपल्याला कृपा मिळालीये."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. आज मात्र सहन झालं नाही.

कृपा काय नव्या करारात, मत्तयाच्या पहिल्या पानावर जन्माला आली? अब्राहामाला कृपा नव्हती मिळाली? दाविदाला? रानात सैतानानं तीनदा मोहात पाडलं तेव्हा येशूनं तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातून दिली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातून. आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, हे आपण भिंतीवर लावतो, मुलांकडून पाठ करून घेतो, ते लेवीय 19 मधलं आहे. हो, तेच लेवीय, जे कंटाळवाणं म्हणून आपण भराभर उलटतो. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो की तुला बालपणापासून पवित्र शास्त्राची माहिती आहे. तेव्हा नवा करार कुठे होता? तीमथ्याच्या आजीच्या हातात मोशे, संदेष्टे आणि स्तोत्रं होती. अम्माऊसच्या वाटेवर मरणातून उठलेल्या प्रभूनं स्वतःविषयी समजावलं, तेसुद्धा मोशेपासून सुरुवात करून.

जवळच्या काहींना मी एक प्रसंग सांगितलाय. आज सगळ्यांसाठी लिहिते.

माझ्या एका यहूदी सहकारिणीनं एकदा मला वल्हांडणाच्या रात्री तिच्या घरी बोलावलं. टेबलावर बेखमीर भाकर होती, कडू भाजी होती. घरातल्या सर्वांत धाकट्या मुलानं विचारलं, आजची रात्र इतर सगळ्या रात्रींपेक्षा वेगळी का? आणि मोठी माणसं त्याला उत्तर म्हणून मिसर देशातून सुटल्याची गोष्ट सांगू लागली. कुणीतरी दुसरं सुटलं होतं असं नाही, "आम्ही गुलाम होतो" असं. जेवण झाल्यावर ते स्तोत्रं म्हणू लागले. म्हणता म्हणता 118 वं आलं आणि माझ्या अंगावर काटा आला. बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला दगड! परमेश्वराच्या नावाने येणारा धन्यवादित असो! या ओळी मला पाठ होत्या. पहिली पेत्राच्या तोंडून, दुसरी झावळ्यांच्या रविवारी. पण त्या एकाच स्तोत्रात आहेत, जवळजवळ आहेत, आणि ते स्तोत्र वल्हांडणाच्या रात्री म्हणायचं असतं, हे मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. मत्तय सांगतो की शेवटच्या भोजनानंतर ते स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले. कोणतं स्तोत्र, याचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. 113 ते 118 या स्तोत्रांना हालेल म्हणतात, आणि बहुतेक अभ्यासक मानतात की त्या रात्री तीच गायली गेली. म्हणजे गेथशेमानेकडे, जिथे त्याला धरलं तिकडे निघताना प्रभूच्या ओठांवर हे शब्द होते की मी मरणार नाही, जगेन.

माझ्या सहकारिणीच्या वडिलांनी मला विचारलं, "तुमच्याकडे हे पूर्ण स्तोत्र कधी म्हणतात?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही. हातातलं पुस्तक फक्त माझ्याकडे थोडं सरकवलं आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

ते बोट आज उपासनेत आठवत होतं. एक यहूदी म्हातारा मला माझ्या प्रभूचं स्तोत्र दाखवतो आणि आपण जुना करारच वेळेअभावी सोडून देतो.

हे गाळणं आजचं नाही. दुसऱ्या शतकात सिनोपचा मार्सियन नावाचा एक श्रीमंत जहाजमालक रोमच्या मंडळीत आला. त्याचं म्हणणं असं की जुन्या कराराचा देव वेगळा, येशूचा पिता वेगळा. साल 144 मध्ये मंडळीनं त्याला बाहेर काढलं आणि त्यानं दिलेलं भलंमोठं दानही परत केलं. पण त्याच्या शास्त्राचं काय झालं ते बघा. जुना करार टाकल्यावर त्याला तिथे थांबता येईना. एकच शुभवर्तमान ठेवलं, आपल्या लूकासारखंच, पण त्यात पहिले दोन अध्याय नाहीत. नसणारच. त्यांत आठव्या दिवशीची सुंता आहे, मंदिरात पारव्यांची पिलं घेऊन गेलेली मरीया आहे, शिमोन आहे, हन्ना आहे. मुळावर घाव घातला की येशूचा जन्मसुद्धा हाती राहत नाही. मंडळीनं त्याला पाखंडी ठरवलं आणि नंतर त्याचाच स्वभाव हळूहळू अंगात भिनवला, असं मला वाटतं.

325 मध्ये निकैयाची परिषद, म्हणजे बिशपांची सभा झाली. पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) सगळीकडे एकाच दिवशी असावा, इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर सम्राट कॉन्स्टंटाइननं मंडळ्यांना जे पत्र पाठवलं त्यात कारण काय, तर यहूद्यांशी आपलं काहीही समाईक नसावं. त्याच शतकात लावदिकीयाच्या परिषदेनं नियम केले की शब्बाथ दिवशी विश्रांती घेऊ नये, काम करावं, आणि यहूद्यांकडून बेखमीर भाकर स्वीकारू नये.

बेखमीर भाकर स्वीकारू नये! मी हा नियम वाचला तेव्हा मला पुन्हा ते टेबल दिसलं. मी ती भाकर घेतली होती. माझ्या सहकारिणीच्या आईनं तोडून माझ्या हातात दिली होती, आणि ती घेताना मला प्रभुभोजनाचीच आठवण झाली होती. ज्या सणाच्या भाकरीवर आशीर्वाद मागून प्रभूनं "हे माझे शरीर आहे" म्हटलं, त्याच सणाची भाकर घ्यायला मंडळीनं मनाई केली. कशासाठी? लोक ती घेत होते म्हणून. मनाई करावी लागते ती चालू असलेल्या गोष्टीला. 386-387 मध्ये अंत्युखियात योहान क्रिसोस्तम या नावाजलेल्या उपदेशकानं जी भाषणं केली, तीही यहूदी सणांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर चिडूनच केली. साडेतीनशे वर्षं झाली तरी साधी विश्वासू माणसं सणाचे कर्णे ऐकायला सभास्थानात जात होती. त्यांना मूळ कुठे आहे ते कळत होतं. त्यांना हाकललं ते व्यासपीठावरच्या माणसांनी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण ते आपण लपवतो. 1543 मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं यहूद्यांची सभास्थानं जाळा, घरं पाडा, प्रार्थनेची पुस्तकं काढून घ्या, असं लिहिलं. ज्या ल्यूथरनं कृपा शिकवली त्यानंच. 1939 मध्ये जर्मनीत आयसेनाख इथे प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एक संस्था काढली, ख्रिस्ती धर्मशास्त्राचे प्राध्यापक ती चालवत, आणि तिचं कामच मंडळीच्या जीवनातून यहूदी प्रभाव काढून टाकणं. त्यांनी नवा करार "साफ" करून छापला. गीतांच्या पुस्तकातून हालेलूया आणि होशान्ना हे इब्री शब्द काढले. बॉम्बवर्षावाच्या काळात शिकलेली माणसं बसून गीतांमधून होशान्ना खोडत होती, आणि बाहेर यहूदी माणसं मारली जात होती! त्याच जर्मनीत 1940 मध्ये बॉनहोफर नावाच्या पाळकानं स्तोत्रसंहिता ही येशूचीच प्रार्थना आहे असं लिहून छापलं. त्याला पुढे लिहायला बंदी झाली आणि एप्रिल 1945 मध्ये फाशी दिली.

इतकं लिहून थोडी शांत झालेय.

ते वडीलजन मार्सियन नाहीत. माझ्या वडिलांच्या आजारपणात रोज येऊन प्रार्थना करणारा माणूस आहे तो. त्यांना हे वाक्य कुणीतरी शिकवलं, त्या शिकवणाऱ्याला आणखी कुणीतरी. पाळकांनाही खरंच घाई असेल. रोमच्या मंडळीनं 1965 मध्ये व्हॅटिकन परिषदेत जाहीर सांगितलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सगळ्या यहूद्यांवर टाकता येणार नाही. इतकी साधी गोष्ट म्हणायला एकोणीसशे वर्षं लागली. आपल्याला एक वाक्य सोडायला वेळ लागणारच.

आणि हो, प्रेषितांची कृत्ये 15 मलाही माहीत आहे. परराष्ट्रीयांवर नियमशास्त्राचं जोखड लादायचं नाही हे यरुशलेमेत ठरलं, आणि तारण नियम पाळून होत नाही. मान्य. गलतीकरांस पत्र कुणी मला पुन्हा समजावू नये. पण तो निर्णय देणारे सगळे यहूदी होते, आणि त्यानंतरही पौल पेंटेकॉस्टच्या यहूदी सणाला यरुशलेमेत पोहोचण्यासाठी धडपडत होता.

दुसऱ्या टोकाच्या माणसांबद्दलही बोललं पाहिजे, कारण माझी पोस्ट त्यांनाच जास्त आवडेल अशी मला भीती आहे. मुळांकडे परत जायचं म्हणून जे खांद्यावर यहूदी प्रार्थनेची शाल घेतात, व्यासपीठावर शिंग फुंकतात, नाताळ करणाऱ्याला मूर्तिपूजक म्हणतात आणि शनिवार न पाळणाऱ्याचं तारणच धोक्यात घालतात. नको. यहूद्यांचं सगळं हवं आणि यहूदी शेजारी मात्र नको, असा तो प्रकार असतो. त्या जेवणानंतर मीही उत्साहात सहकारिणीला म्हटलं होतं की आमच्या मंडळीत आपण हे जेवण करू या का. ती म्हणाली, "तू आमच्या घरी दरवर्षी ये. पण आमच्या सणाचं नाटक करू नका." मला ते लागलं, पण तिचं बरोबर होतं. शिवाय आज त्या जेवणाचा जो क्रम आहे, त्यातलं बरंचसं मंदिर 70 मध्ये पडल्यानंतर रब्बींनी घडवलं. येशूनं अगदी तसंच केलं असं छातीठोक सांगणं खरं नाही.

मग परत जायचं म्हणजे काय? मला वाटतं, वाचायचं. पूर्ण वाचायचं. येशूला त्याच्या घरच्यांमध्ये बघायचं. रक्तस्रावी स्त्रीनं त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला हात लावला, तो गोंडा गणना 15 मधल्या आज्ञेमुळे तिथे होता हे मुलांना सांगायचं. परूशी (येशूच्या काळचा एक यहूदी पंथ) हा शब्द शिवी म्हणून वापरणं थांबवायचं. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल आपल्याला रानटी जैतुनाची कलम केलेली फांदी म्हणतो आणि बजावतो की मुळाला तू आधार देत नाहीस. हा अध्याय आपल्या मंडळीत शेवटचा कधी शिकवला गेला, सांगा बरं कुणीतरी.

पाळकांशी मी या आठवड्यात बोलणार आहे, भांडायला नाही. वाचक मिळत नसतील तर मी वाचीन.

आणि एक. यहूदी सभास्थानांत मोशेची पाच पुस्तकं 54 भागांत वर्षभरात वाचून पूर्ण करतात, आणि संपली की त्याच दिवशी पुन्हा उत्पत्तीपासून सुरू करतात. मी त्या क्रमानं वाचायला घेतेय, प्रत्येक भागाबरोबर एक पूर्ण स्तोत्र. शनिवारी संध्याकाळी फोनवर बोलता येईल. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी मला कळवा. लेवीयला पोहोचल्यावर सोडणार नाही एवढं कबूल करून या.