टोचन देऊ का?

काल रात्री साडेनऊच्या सुमाराला वारज्याच्या सर्व्हिस रोडवर एक मुलगा मोपेड ढकलत निघाला होता. पाठीला लॅपटॉपची सॅक, शर्ट घामाने ओलाचिंब. शेजारून गाड्या झुईझुई चालल्या होत्या. त्यातलीच एक माझी. पुढे गेलो, मन खायला लागलं, थांबलो.

"पेट्रोल?"
"हो काका."
"बस गाडीवर. हँडल सरळ धर, ब्रेक दाबू नको."

त्याच्या मागच्या फूटरेस्टला डावा पाय लावला आणि पंपापर्यंत ढकलत नेला, म्हणजे टोचन दिलं. (सायलेन्सरला पाय लावू नये. माझी एक चप्पल तिथे वितळलेली आहे.) ट्रॅफिकवाल्यांना हे आवडणार नाही, ठाऊक आहे. पण बाटलीत पेट्रोल मागायला गेलं की पंपावर नकारघंटा, मग पोराने करायचं काय?

चेतकच्या काळात पुण्यात गाडी बंद पडली की दोन मिनिटांत कुणीतरी थांबायचंच. कारण प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, नाहीतर स्कूटर आडवी करून किक मारायची, एवढं सगळ्यांनाच यायचं. आता बॉनेट उघडलं तरी आपल्याला शष्प कळत नाही, म्हणून थांबायची लाज वाटते, असा माझा अंदाज. अहो, पण दुरुस्ती कोण मागतंय? फोनची बॅटरी उतरलेली असते, नाहीतर अंधारात कुणी टॉर्च धरायला हवा असतो.

"पोलिसांचं लचांड मागे लागेल," हे तर पंक्चरलासुद्धा ऐकलंय मी! अपघाताचं म्हणाल, तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलंय. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायचीही सक्ती नाही.

मात्र नवले पुलाच्या उतारावर थांबू नका. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून ट्रक कसे सुटतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथे ११२ लावा, महामार्गाची मदत हवी तर १०३३. आणि एकटी बाई दिसली तर थोडं लांब उभं राहून विचारा, थेट जवळ जाऊ नका. नको म्हणाली तर निघा, राग मानू नका.

पंपावर त्या पोराने मोबाईल काढला. "काका, नंबर सांगा ना, किती पाठवू?"

मला आधी कळलंच नाही, कसले पैसे.