आधी विचारा, ही प्रत कशावरून काढली?

मोठा टीव्ही घरात आला की पहिल्या आठवड्यात सगळे एकच करतात, आवडती गाणी लावतात. मीही लावली. फोनवर बघताना ज्या व्हिडिओंनी डोळे निवायचे, ते पंचावन्न इंचांवर पार विस्कटले. गायिकेच्या केसांच्या जागी काळा गोळा, मागच्या धुराच्या जागी चौकोनांचा सडा. मला खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून मी गाण्यांच्या व्हिडिओंच्या चांगल्या प्रती शोधतेय, आणि माझं एक मत आता पक्कं झालंय. रिझोल्यूशनचा आकडा, म्हणजे चित्रात किती ओळी आहेत तो, सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायचं की समोरची प्रत कशावरून काढलेली आहे.

असं का, ते सांगते. १ ऑगस्ट १९८१ला एमटीव्ही सुरू झालं आणि त्यानंतर व्हिडिओंचा पूर आला. त्यातले बरेचसे फिल्मवर शूट झालेत, १६ किंवा ३५ मिलिमीटरच्या. फिल्ममध्ये बारकावे भरपूर असतात. पण पुढे ती व्हिडिओ टेपवर उतरवायचे आणि एडिटिंग, इफेक्ट, सगळं टेपवरच करायचे. शेवटी दिसायचं होतं ते त्या काळच्या टीव्हीवर, ४८० किंवा ५७६ ओळींत. म्हणजे पुरा झालेला व्हिडिओ असतो तो फक्त टेपवर. तिच्यावरून आज कितीही मोठी फाइल बनवा, ओळी तेवढ्याच राहणार.

खरं रीमास्टर करायचं, म्हणजे मूळ फिल्मवरून नवी प्रत काढायची, तर निगेटिव्हचे डबे शोधावे लागतात. लागणारा प्रत्येक शॉट नव्याने स्कॅन करायचा, जुन्या टेपशी ताडून एकेक कट पुन्हा जुळवायचा, रंग पुन्हा लावायचे, आणि जो इफेक्ट टेपवरच केला होता तो नव्याने बनवायचा. डबे सापडलेच नाहीत तर विषय संपला. हे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आ-हा या नॉर्वेच्या बँडचा १९८५चा ‘टेक ऑन मी’ घ्या. त्यातल्या पेन्सिलच्या चित्रांसाठी सुमारे ३,००० फ्रेम हाताने रेखाटल्या, १६ आठवडे लागले. २०१९मध्ये मूळ फिल्मवरून त्याची फोर-के, म्हणजे २,१६० ओळींची, प्रत आली. आधीच्या प्रतींत ती पेन्सिल नुसती करडी, पुसट दिसायची. नव्या प्रतीत रेघ दिसते, रेघेचा जाड-बारीकपणा दिसतो, कुठे हात जोरात फिरलाय तेही कळतं. मी ती प्रत लागोपाठ तीनदा पाहिली.

त्याच वर्षी युनिव्हर्सल म्युझिक ही रेकॉर्ड कंपनी आणि यूट्यूब यांनी मिळून सुमारे १,००० जुने व्हिडिओ सुधारायचं जाहीर केलं. त्यात नवी प्रत जुनीच्याच जागी बसवतात, लिंक तीच आणि व्ह्यूजही तेच. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वी ‘फालतू क्वालिटी’ म्हणून सोडून दिलेली गाणी पुन्हा एकदा उघडून बघा.

आता राग ज्याचा येतो ते. शीर्षकात ‘फोर-के रीमास्टर’ लिहिलेलं, अपलोड करणारा कुणीतरी तिसराच, आणि आत असते टेपचीच प्रत, एआयने फुगवलेली. ओळखणं अवघड नाही. चेहरा मेणाचा दिसतो, दातांची एक सलग पट्टी होते, मागच्या रांगेतल्या नर्तकांचे डोळे दर फ्रेमला बदलतात. फिल्मचे बारीक दाणे पुसून टाकलेले असतात, आणि त्या दाण्यांबरोबर त्वचेचा पोतही जातो. वर सेकंदाला साठ फ्रेमचं करून सगळ्या हालचाली तेल लावल्यासारख्या गुळगुळीत. यापेक्षा प्रामाणिक ४८०वाली प्रत मी कधीही बघेन.

चौकटीचंही तेच. जुने व्हिडिओ चारास तीनचे असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. पट्टे नकोत म्हणून वरखाली कापून सोळास नऊ केलं की चित्राचा चौथा हिस्सा जातो, आणि तो बहुधा नाचणाऱ्याच्या पायांचा असतो. ताणून बसवलेलं तर मी लगेच बंद करते. झटकन हललेल्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या तर इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींत चित्र साठवणारी) टेप नीट न उलगडताच चढवली आहे असं समजायचं, आणि दुसरी प्रत शोधायची.

मूळ प्रत चांगली असली की मग बिटरेट. सेकंदाला किती माहिती येते तो हिशोब. डीव्हीडीवर चित्रासाठी जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट, ब्ल्यू-रेवर ४०. स्ट्रीमिंगला १०८०पीचं, म्हणजे १०८० ओळींचं, चित्र बहुतेक वेळा ब्ल्यू-रेपेक्षा खूपच कमी मेगाबिटमध्ये भागवतात. शांत क्लोजअपमध्ये काही कळत नाही. स्टेजवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले, दिवे लखलखले, निळा धूर पसरला की लगेच कळतं. म्हणून माझा नियम असा: सुटी गाणी स्ट्रीमिंगवर, पण मैफलीचं पूर्ण चित्रीकरण आवडलं तर त्याची डिस्क. जुनी डीव्हीडी असेल तर फेकू नका. टेपच्या काळातल्या कितीतरी व्हिडिओंची सगळ्यात स्वच्छ प्रत आजही डीव्हीडीवरच मिळते.

आवाजाबद्दल मात्र लोक उगाच आकड्यांत अडकतात. यूट्यूबवर साधारण १२८ ते १६० किलोबिटचा आवाज असतो, सीडीवर १,४११, हे खरं. पण आजच्या कोडेकमध्ये (आवाज दाबून छोटा करायच्या पद्धतीत) तेवढ्यात बरंच नीट ऐकू येतं. जास्त नुकसान होतं ते घासलेल्या टेपवरून घेतलेल्या आवाजाने, आणि टीव्हीच्या मागच्या बाजूला तोंड असलेल्या स्पीकरने. साधासा साउंडबार किंवा जुना अ‍ॅम्प्लिफायर जोडलात तरी ढोल आणि बेस वेगळे ऐकू येतील.

शेवटचं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. मोशन स्मूदिंग, म्हणजे मधल्या फ्रेम स्वतःच बनवून हालचाल गुळगुळीत करणारी सोय, बंद करा, प्रत्येक कंपनीत त्याचं नाव वेगळं असतं. शार्पनेस खाली आणा, पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर ठेवा. अ‍ॅपमधली क्वालिटी ‘ऑटो’वर न सोडता हाताने निवडा. आणि तुमच्याकडे एखाद्या जुन्या व्हिडिओची खरोखर मूळ फिल्मवरून काढलेली प्रत असेल, तर कुठली डिस्क, कुठल्या सालची, ते खाली नक्की लिहा. मी यादी करतेय.