"मेव्हन संपलं, आजच ग्रेडलवर या" हा मेसेज तुम्हालाही आला असेल तर

जावा या भाषेत प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मेव्हन आणि ग्रेडल ही दोन्ही बिल्डची टूल, म्हणजे लायब्ररी आणून, कोड कंपाइल आणि टेस्ट करून प्रोग्रॅम तयार करणारी. मेसेजमध्ये म्हटलंय की मेव्हन संपलंय, ग्रेडल त्याच्या १०० पट फास्ट आहे, एक्सएमएल (मेव्हनच्या फाइलींचं टॅगवालं फॉरमॅट) कोणी लिहितं का आता, ॲन्ड्रॉइड आणि स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवाले ग्रेडलवर गेले म्हणजे विषय संपला, तेव्हा प्रोजेक्ट लहान असो की मोठा, आजच मायग्रेट करा. हा वाचून आमच्या टीममधल्या दोन नवीन मुलांनी सगळ्या पॉम फाइली (मेव्हनला काय आणि कसं बांधायचं ते सांगणाऱ्या) काढून टाकूया असं सुचवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी दोन्ही टूल रोज वापरतो, ग्रेडलशी माझं काही वाकडं नाही. पण हा मेसेज अर्धवट आहे, आणि अर्धवट माहितीवर बिल्ड बदलला की निस्तरायला टीमच बसते.

१०० पटीचं आधी घेऊ. हा आकडा हवेतला नाही, ग्रेडलच्या स्वतःच्या साइटवर तो आहे, पण तिथे सोबत अट आहे की बिल्ड मोठा हवा आणि बिल्ड कॅशे वापरलेला हवा. मेसेजवाल्याने अट गाळली आणि आकडा तेवढा ठेवला. बिल्ड कॅशे म्हणजे इनपुट बदललं नसेल तर आधीच कंपाइल झालेलं, टेस्ट झालेलं परत करायचं नाही, जुना रिझल्ट उचलायचा. ग्रेडलमध्ये ही गोष्ट खरंच उत्तम जमलीये, मेव्हनच्या आधी आणि मेव्हनपेक्षा चांगली, हे मान्यच आहे. पण तुमच्या प्रोजेक्टचे चार मॉड्यूल (भाग) असतील आणि सीआय (कोड टाकला की आपोआप बिल्ड करणारी सिस्टिम) दरवेळी रिकाम्या मशीनवर चालत असेल, कॅशे कुठे शेअर केलेला नसेल, तर तो १०० पट तुम्हाला कुठून मिळणार? शिवाय मेव्हनलाही आता अपाचेचं बिल्ड कॅशे एक्स्टेन्शन आहे, मेव्हन डीमन (मागे चालू राहून दरवेळचा सुरुवातीचा वेळ वाचवणारा) आहे, आणि मॉड्यूल समांतर बिल्ड करायची सोय तर ३.० पासून म्हणजे २०१० पासून आहे, फक्त ती चालू कोणी करत नाही.

आमचाच अनुभव सांगतो. बिल्डला ११ मिनिटं लागायची आणि सगळे मेव्हनला शिव्या द्यायचे. एकदा बसून लॉग वाचला तर त्यातली ८ मिनिटं टेस्टची होती, कारण प्रत्येक टेस्ट क्लाससाठी डेटाबेसचा नवा कंटेनर (स्वतंत्र चालणारी प्रत) उठत होता. तो सगळ्यांना मिळून एकच केला आणि बिल्ड ५ मिनिटांच्या आत आला, टूल तेच. दुसरी सवय म्हणजे दरवेळी क्लीन इन्स्टॉल ही कमांड मारणं, क्लीन म्हटलं की तयार फाइलींचा टार्गेट फोल्डर पुसला जातो आणि मग सगळं पहिल्यापासून होतं. आता ही सवय लागली कारण मेव्हनच्या इन्क्रिमेंटल कंपाइलवर (बदललं तेवढंच कंपाइल करण्यावर) लोकांचा भरवसा नव्हता, तो दोष मेव्हनचाच.

एक्सएमएलबद्दल. लांबलचक असतं, वाचायला कंटाळा येतो, खरंय. पण पॉममध्ये लॉजिक लिहिता येत नाही हाच त्याचा मोठा फायदा आहे. मेव्हन २ हे २००५ साली आलं, तेव्हा पॉमचं जे मॉडेल होतं, ४.०.०, तेच आज मेव्हन ३ च्या पॉममध्ये आपण लिहितो. ग्रेडलची बिल्ड फाइल म्हणजे ग्रूव्ही किंवा कॉटलिन या भाषांमधला कोडच, त्यामुळे हवं ते करता येतं आणि लोक करतातही, आणि मग ज्याने लिहिलं तो सोडून गेला की त्या इफ-एल्सला कोणी हात लावत नाही. त्यात व्हर्जनची भानगड वेगळीच. २०१८ चा एखादा ग्रेडल प्रोजेक्ट आज जावा १७ असलेल्या मशीनवर चालवून बघा, बहुतेक क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१ (म्हणजे जावा १७ चं) चालत नाही असा एरर येईल, कारण जावा १७ वर ग्रेडल चालवायला किमान ७.३ लागतं आणि जावा २१ साठी ८.५. बरं, ग्रेडल वाढवावं तर ७ मध्ये लायब्ररी जोडायचं जुनं "कंपाइल" कॉन्फिगरेशन काढून टाकलंय, म्हणजे डिपेन्डन्सीच्या (लागणाऱ्या लायब्ररींच्या) ओळी बदलत बसा. मेव्हनमध्येही जुनी प्लगिन, लोम्बोकसारखी जुनी लायब्ररी नव्या जावावर मोडतं, पण तिथे बहुतेक वेळा व्हर्जनचा आकडा बदलला की भागतं.

ॲन्ड्रॉइडचं उदाहरण इथे लागूच होत नाही, तिथे २०१३ ला ॲन्ड्रॉइड स्टुडिओसोबत ग्रेडलच आलं, निवडायला दुसरं काही ठेवलेलंच नाही. स्प्रिंग बूटचं उदाहरण मात्र वजनदार आहे. २०२० मध्ये २.३ व्हर्जनच्या वेळी ते ग्रेडलवर गेले आणि तासाभराहून जास्त लागणारा बिल्ड सरासरी साडेनऊ मिनिटांच्या आत आला असं त्यांनीच लिहिलंय. पण तो केवढा प्रोजेक्ट, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचं बिल्ड लॉजिक किती लिहिलंय ते त्यांच्या कोडच्या रेपोत जाऊन बघा. आणि स्वतः गेले तरी वापरणाऱ्यांसाठी मेव्हन प्लगिन आणि पॅरेंट पॉम त्यांनी आजही चालू ठेवलंय. मोठ्यांचं बघून टूल घ्यायचं तर कुबरनेटीसचंही (कंटेनर सांभाळणाऱ्या सिस्टिमचं) बघा, मुळात गूगलमधून आलेला प्रोजेक्ट, गूगलचंच बिल्ड टूल बेझल त्यात होतं, तरी २०२१ मध्ये त्यांनी ते काढलं, कारण शेजारी मेक हे टूल आणि गो भाषेचा स्वतःचा बिल्ड होताच आणि दोन-दोन सिस्टिम सांभाळणं परवडेना.

मेव्हन संपलं म्हणतात तर ग्रेडल लायब्ररी आणतं कुठून? मेव्हन सेंट्रल या लायब्ररींच्या सार्वजनिक साठ्यातूनच ना, ग्रुप, आर्टिफॅक्ट, व्हर्जन ही ओळखही मेव्हनचीच.

आता ते "आजच मायग्रेट करा", जे मला सगळ्यात धोकादायक वाटतं. एकच लायब्ररी दोन वाटांनी दोन व्हर्जनमध्ये आली तर मेव्हन डिपेन्डन्सींच्या झाडात जी तुमच्या प्रोजेक्टला जवळ असेल ती घेतं आणि ग्रेडल जी जास्त नवी असेल ती घेतं. म्हणजे तुमच्या एका डिपेन्डन्सीला १.२ हवंय आणि दुसरीच्या पोटात एक पायरी खोल १.५ आहे, तर मेव्हन १.२ देतं, ग्रेडल १.५. कोड तोच, कंपाइलही होतं, आणि प्रॉडक्शनला मेथड सापडत नाही म्हणून सर्व्हिस पडते. बॉमचंही (लायब्ररींच्या व्हर्जनच्या तयार यादीचं) तसंच, मेव्हनच्या डिपेन्डन्सी मॅनेजमेंटमध्ये लिहिलेलं व्हर्जन खोलवरच्या लायब्ररीलाही लागू होतं, पण ग्रेडलच्या साध्या प्लॅटफॉर्ममध्ये (त्याच यादीच्या ग्रेडलमधल्या रूपात) झाडात कुठे त्याहून नवं असेल तर तेच जिंकतं, सक्ती हवी असेल तर एन्फोर्स्ड प्लॅटफॉर्म लिहावं लागतं. ग्रेडल इनिट ही कमांड पॉमवरून फाइल बनवून देतं, तेवढ्यावर काम झालं असं समजू नका.

टीममधल्या त्या दोन नवीन मुलांना मी नाही म्हटलेलं नाही. एक लहान सर्व्हिस निवडा, ब्रँचवर करा, पण आधी मेव्हनचं डिपेन्डन्सी ट्री फाइलमध्ये काढा, नंतर ग्रेडलचं काढा, आणि ज्या ज्या ओळीत व्हर्जन वेगळं दिसेल ती प्रत्येक ओळ मला समजावून सांगा, इतकंच मागितलंय. पहिल्याच दिवशी अशा १७ ओळी निघाल्यात, त्यातल्या जॅक्सन या लायब्ररीच्या ३ वर ते अजून बसलेत.