तुमच्या जर्मनीत चालत असेल

परवा आमच्या भावंडांच्या ग्रुपवर मी मोटरसायकल ट्रिपचा फोटो टाकला. ब्लॅक फॉरेस्टमधला बी ५०० हा रस्ता, मागे झाडं, हेल्मेट हातात, आणि आवाज अडवायचे कानातले केशरी बोळे काढायचे राहिलेले. वाटलं लोक रस्ता बघतील. आमच्या दादाने (आत्याचा मुलगा, कोथरूड) नेमके बोळे बघितले. "हेल्मेट घातलं की आधीच मागचं ऐकू येत नाही, त्यात हे बोळे? तुमच्या जर्मनीत चालत असेल बाबा, इथे हॉर्न ऐकू आला नाही तर माणूस जातो." पाच मिनिटांत त्याला सगळ्यांचे अंगठे.

दोन दिवस धुमसतोय मी. कारण हाच दादा अ‍ॅक्टिव्हावर एका कानात ब्लूटूथ, हेल्मेट पायाशी ठेवलेलं, कर्वे रोडवरून ऑफिसचा कॉल घेत जातो हे मी मागच्या वेळी मागे बसून स्वतः अनुभवलंय, आणि बहिरा कोण तर मी. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती आली तेव्हा मोर्चे निघाले, तेव्हापण हेच चाललं होतं, मान दुखते, केस जातात, ऐकू येत नाही. तेव्हा मी इथे बसून ऑफिसातल्यांना गंमत म्हणून सांगितलं होतं. ते हसले. मग मला राग आला, ते हसले म्हणून.

तर मुद्दा. शंभरच्या स्पीडला हेल्मेटच्या आत साधारण ९५ डेसिबल आवाज असतो, आणि तो इंजिनाचा नसतो, वाऱ्याचा असतो. हनुवटीखालून, मानेच्या कडेने वारा आत घुसतो आणि तिथे घुमतो. हेल्मेट डोकं वाचवतं, कान नाही, महागातलं घेतलं तरी थोडाच फरक पडतो. आता हिशोब असा की कानाला दिवसाला ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास, ९७ ला अर्धाच. मी रविवारी पाच तास चालवतो. बोळ्याने काय होतं, वारा पण खाली येतो, हॉर्न पण खाली येतो, दोघांमधलं अंतर जवळजवळ तेच राहतं आणि कान वाऱ्याने भरून जात नाही, म्हणून अँब्युलन्स उलट स्वच्छ कळते. उन्हात गॉगल लावला म्हणून कोणी आंधळा होतो का? हे सगळं मी ग्रुपवर टाईप केलं आणि खोडलं. एवढं लांब कोण वाचणार.

आणि घालायची पण पद्धत असते. फोमचा बोळा दोन बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवला तर काही उपयोग नाही. इथे ओहरोपाक्स कंपनीचे बोळे १९०८ पासून विकतायत, माझ्या घरमालकीणबाईंच्या पर्समध्ये पण डबी असते, रविवारी कोणी ड्रिल काढलं तर.

गाण्याचं तर अजूनच उलटं आहे. बोळे न घालता गाणी लावली तर वाऱ्याच्या ९५ वर गाणं ऐकू यायला आवाज त्याच्याही वर न्यावा लागतो, म्हणजे कानाला एकाऐवजी दोन जणांचा मार. बोळे घालून हेल्मेटमधल्या स्पीकरवर हळू आवाजात नाट्यसंगीत लावा, प्रत्येक तान सुटी कळते. ए८ वर उल्मच्या दिशेने, पाऊस नुकताच थांबलेला, आणि कानात पेटी. हे सुख दादाला कसं सांगू. पोलिसांचं म्हणणं एवढंच की गाण्यामुळे बाहेरचं ऐकू येईनासं व्हायला नको, नाहीतर दंड १० युरो, एका डोनर कबाबचे आणि आयरानचे (त्यांचं ताक) पैसे.

आता खरं सांगायचं तर दादा अर्धा बरोबर आहे आणि तेच मला सहन होत नाहीये. कोथरूड ते डेक्कन वीसच्या स्पीडला वारा असतो कुठे? तिथे गोंगाट असतो तो हॉर्नचाच. २०२० मध्ये मुंबई पोलिसांचा व्हिडिओ आला होता, सिग्नलला आवाज मोजायचे मीटर लावलेले, हॉर्नचा आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिवा परत पहिल्यापासून. तो व्हिडिओ मी इथे कँटीनमध्ये सगळ्यांना अभिमानाने दाखवला होता. २०२१ मध्ये गडकरी नाशिकला हॉर्नमध्ये बासरी, तबला वाजवायचं म्हणाले, त्याचीसुद्धा मी इथे बाजू घेतली! ग्रुपवर मी जर्मनीचा वकील, कँटीनमध्ये पुण्याचा. दोन्हीकडे फी नाही.

आणि जर्मनी काही साजूक नाही हे मी दादाला सांगितलेलं नाही. इथल्या खेड्यांत मोटरसायकलींच्या आवाजाविरुद्ध पाट्या लागतात, शेजारच्या ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये तर २०२० पासून उन्हाळ्यात काही रस्त्यांवर ९५ डेसिबलच्या वरच्या गाड्यांना बंदी आहे, गाडीच्या कागदावर यू.१ खाली आकडा असतो तो बघतात. माझा ९४ आहे. केवढ्या रुबाबात सांगतो मी हे इथे. आणि पुण्यात असताना आरएक्स १०० च्या सायलेन्सरमधला आवाज दाबणारा बॅफल काढून रात्री साडेअकराला सोसायटीत शिरणारा कोण होता, ते आमच्या जुन्या शेजाऱ्यांना विचारा. वर नऊ वर्षं ढोल पथकात, ताशाच्या शेजारी, कानात कापूस घालणारा म्हणजे बायकी असं म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो.

बोळे मला शहाणपणाने सुचलेले नाहीत. गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरकडे गेलो, बाईंनी आलेख दाखवला, ४००० हर्ट्झला खड्डा, डाव्या कानात जास्त. म्हणाल्या, स, फ, त असले बारीक आवाज तुमच्याकडून निसटत असतील. मी तिथेच बसून राहिलो. कारण अकरा वर्षं मीटिंगमध्ये काही कळलं नाही की मी समजत होतो माझं जर्मन कच्चं आहे. सी१ म्हणजे वरच्या पातळीच्या जर्मनचा क्लास लावला, पैसे भरले, परत तेच. आपण इथले नाही म्हणून आपल्याला कळत नाही, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं, आणि निम्मं कारण ताशा निघालं. आईशी बोलताना पण हल्ली "रेंज नाही गं" म्हणतो. तिला ते खरं वाटतं. मलाही वाटायचं.

काल रात्री दादाने ग्रुप सोडून वेगळी व्हॉइस नोट पाठवली. बहुतेक गाडीवरूनच. तीनदा ऐकली, मागचे हॉर्न सगळे ऐकू आले, बसचा, रिक्षाचा, कुणाचातरी तो म्युझिकल, पण त्याचं बोलणं काही लागेना. परत तोच वाद असणार म्हणून मी नुसता अंगठा पाठवला.

पाच मिनिटांनी टाईप करून आलं, "अंगठा कसला? दिवाळीला येतोयस की नाही विचारलं मी."