लॅपटॉप नवा नको, चांगला घ्या

"सर, मला कॉम्प्युटर जमतच नाही. ब्रँच बदलून मिळेल का?"

गेल्या वर्षी जानेवारीत, प्रॅक्टिकल संपल्यावर फर्स्ट इयरची एक मुलगी मागे थांबून मला हे विचारत होती. जत तालुक्यातली. बारावीपर्यंत घरात कॉम्प्युटर नाही, सीईटीला मात्र उत्तम पर्सेंटाइल. मी गेली चौदा वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये काम करतो. तिचे प्रोग्रॅम लॅबच्या मशिनवर नीट चालताना मी रोज बघत होतो. म्हटलं, उद्या तुझा लॅपटॉप घेऊन ये.

आणला. झाकणावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं, इतका जपून वापरलेला. बटण दाबलं आणि मी घड्याळ बघत बसलो. ब्राउझर उघडून पहिलं पान दिसेपर्यंत चार मिनिटं गेली. एडिटर उघडला की ब्राउझर गोठायचा, ब्राउझर हलवला की एडिटर पांढरा पडायचा. आणि त्या पोरीला सहा महिने वाटत होतं की आपणच काहीतरी चुकीचं दाबतोय. रूममेटचं पटापट होतं, आपलं होत नाही, म्हणजे खोट आपल्यातच.

मागचं झाकण उघडलं. दोन कोअरचा सेलेरॉन, म्हणजे इंटेलचा अगदी स्वस्तातला प्रोसेसर. ४ जीबी रॅम, बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे काढता-बदलता न येणारी. डिस्कच्या जागी ईएमएमसी, म्हणजे स्वस्त मोबाईलमध्ये असते तसली चिप, तीही सोल्डर केलेली. वाढवायला एक स्लॉट नाही. तिच्या वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून या मशिनचे २८ हजार मोजले होते. दुकानदार म्हणाला होता, "काका, पाच वर्षं बघायला नको."

खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण एक हुशार मुलगी स्वतःला ढ समजायला लागली होती. दरवर्षी अशी चार-पाच पोरं तरी माझ्यापुढे येतात. म्हणून हे लिहितोय. ज्यांच्या घरात यंदा कुणी कॉलेजला जाणार आहे त्यांनी वाचा.

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आहे, म्हणून ४ जीबीचं मशिन विकता येतं. किमान म्हणजे मशिन चालू होईल, एवढंच. कामाला आज ८ जीबीसुद्धा कशीबशी पुरते. कॉम्प्युटर किंवा आयटीच्या मुलाला अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाईल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि त्यातला एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) चालवायचा असेल तर १६ जीबी हवीच. डिस्क एसएसडी हवी, त्यात तडजोड नाही. आणि घेताना एकच प्रश्न विचारा: "रॅम पुढे वाढवता येते का? स्लॉट दाखवा." दुकानदार गोलगोल बोलायला लागला तर उठून या.

स्टिकरवर जाऊ नका. इंटेलचा प्रोसेसर "आय५ आहे" एवढ्यानं काहीच कळत नाही. आय५-७२००यू दोन कोअरचा आहे आणि त्याच्या पुढच्याच पिढीतला आय५-८२५०यू चार कोअरचा. स्टिकर दोघांवर आय५चंच. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरमध्ये तर जास्त जपा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात, नंबरात दहाचा फरक. पहिला चार कोअरचा, जुन्या झेन २ रचनेचा, आणि त्याच्यासोबत येणारी रॅम बोर्डावर सोल्डरच असते. दुसरा सहा कोअरचा, झेन ३ चा. त्या नंबरातला तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. दुकानात उभ्या उभ्या हे कोण सांगणार? म्हणून पूर्ण नंबर कागदावर लिहून घ्या, घरी या, कुणा जाणकाराला विचारा, मग पैसे द्या.

आता माझं खरं म्हणणं. बजेट ३० हजारांच्या आत असेल तर नवा लॅपटॉप घेऊच नका. जुना घ्या, पण कंपन्यांमधून निघालेला. लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही सगळी २०१८ च्या सुमाराची मशिनं. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरतात आणि लॉटनं काढून टाकतात. तीच साफ होऊन रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. ऑफिसात रोज आठ-दहा तास चालायला बनवलेली असल्यामुळे कीबोर्ड आणि बिजागऱ्या दणकट असतात. टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, एक बॅटरी बाहेरून काढता येते, टाइप-सी चार्जर चालतो. त्याचाच पुढचा भाऊ टी४९० घ्याल तर निम्मी रॅम सोल्डर आणि स्लॉट एकच, म्हणून मी टी४८० सुचवतो.

प्रोसेसरची पिढी मात्र आठवी किंवा त्यापुढचीच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ काही मोजके अपवाद सोडले तर अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. सातव्या-सहाव्या पिढीची मशिनं सध्या स्वस्तात विकली जाताहेत, त्याचं कारण हेच.

"जुन्यात फसवणूक होते." होते. म्हणून मी पालकांसोबत जातो तेव्हा दुकानात अर्धा तास ठाण मांडून बसतो. आधी मशिन रीसेट करायला लावतो आणि सेटअप होताना माझ्या फोनचं हॉटस्पॉट जोडतो. स्क्रीनवर एखाद्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला, तर ते मशिन अजून त्या कंपनीच्या कुलपात आहे. हात लावायचा नाही. बायॉसला, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड असेल तरी तेच. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून बॅटरी रिपोर्ट काढतो. त्यात दोन आकडे बघायचे, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. ४८ हजार एमडब्ल्यूएचची (मिलिवॉट-अवर) बॅटरी २४ हजारांवर आली असेल तर ती निम्मी संपली आहे, नवी बॅटरी टाकून द्या म्हणायचं किंवा तेवढे पैसे कमी करायला लावायचे. नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबायचं. पांढऱ्या स्क्रीनवर डाग बघायचे. आणि जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर आणि वॉरंटी लिहून. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलात तरी नियम हेच, आणि तिथे तर बिलाशिवाय दुकानाबाहेर पाऊल टाकू नका. रॅमचे भाव सध्या चढलेत, तेव्हा १६ जीबी आधीच घातलेलं मशिन मिळालं तर बरं.

हे सगळ्यांना लागू नाही. आर्किटेक्चर, मेकॅनिकलवाल्यांना रेव्हिट, सॉलिडवर्क्स ही डिझाइनची सॉफ्टवेअर चालवायला आणि ॲनिमेशनवाल्यांना त्यांच्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, बजेट दुप्पट धरा. रेव्हिट आणि सॉलिडवर्क्स ही दोन्ही विंडोजचीच, म्हणून ती वापरणाऱ्या मुलांनी मॅकच्या नादी लागू नये. बीए, बीकॉमच्या मुलांना मात्र मी सांगितलेलं जुनं मशिन पदवी होईपर्यंत आरामात पुरेल. वर्ड-एक्सेलसारखं लिबरऑफिस फुकट आहे, मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच असतो. "मराठीचं सॉफ्टवेअर टाकून देतो, हजार रुपये" म्हणणाऱ्याला हात जोडा.

आणखी एक, घाई करू नका. ॲडमिशनचे कॅप राउंड चालू असतानाच दुकानात गर्दी होते, तेव्हा भाव पडत नाहीत. फर्स्ट इयरच्या पहिल्या महिन्यांत कॉलेजची लॅब पुरते. सिनियर काय वापरतात ते मुलाला बघू द्या आणि दसऱ्याला घ्या. तेव्हा ऑनलाइन सेलही असतात. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये क्रेडिट कार्डाच्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच माथी बसते, हे धरून हिशोब करा. शैक्षणिक कर्ज काढणारच असाल तर बँकेत कोटेशन द्या. अभ्यासक्रमासाठी लागणारा कॉम्प्युटर त्या कर्जात बसू शकतो, ही गोष्ट किती पालकांना माहीतच नसते!

त्या मुलीचं पुढे सांगायचं राहिलं. गुढीपाडव्याला तिच्या वडिलांनी २२ हजारांत टी४८० घेतला. मी सोबत होतो. ८ जीबी होती, आणखी ८ आम्ही लॅबच्या टेबलावर बसवली. स्क्रू तिनंच फिरवले. पहिल्या मशिनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून दिलं, आता तिचा धाकटा भाऊ त्यावर बारावीची लेक्चर्स बघतो, तेवढ्याला चालतंय. ब्रँच तिनं बदलली नाही. परवा डेटा स्ट्रक्चरची असाइनमेंट तिनं मुदतीच्या चार दिवस आधी दिली.

काल वडिलांचा फोन होता. "सर, धाकट्याचं यंदा ॲडमिशन. ह्या खेपेला तुम्ही म्हणाल तवाच घेतो."

म्हटलं, दादा, आधी ब्रँच ठरू दे. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी जाऊ. तो रविवार मी कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवलाय.