आखूड पलंग आणि 'प्रस्तावित' रस्ता

गेल्या रविवारी आईबाबांना घेऊन हिंजवडीच्या पुढे एक फ्लॅट बघायला गेले होते. सॅम्पल फ्लॅट चकाचक. बेडरूममध्ये बाबा म्हणाले, "जरा टेकतो." आडवे झाले, तर पावलं पलंगाबाहेर! बाबांची उंची जेमतेम साडेपाच फूट. खोली ऐसपैस दिसावी म्हणून पलंगच आखूड बनवून घेतलेला. मग लक्षात आलं, खोल्यांना दारंही नाहीत. दार उघडलं की किती जागा जाते ते दिसायलाच नको.

'पुण्यातला स्वर्ग', 'राजेशाही राहणी' वगैरे जाहिरातीत लिहितात ते लिहू देत बापडे. स्थळं सांगतानाही आपण प्रत्येक मुलीला गृहकृत्यदक्ष म्हणतोच की. पण 'हिंजवडी आयटी पार्क फेज १ अवघ्या १० मिनिटांवर' हे घड्याळ लावून बघता येतं. रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर आम्हाला २५ लागली. याला मी फुशारकी म्हणणार नाही, हे खोटं आहे.

रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या हिताचा स्थावर मालमत्ता कायदा. त्याच्या कलम १२ मध्ये जाहिरात, माहितीपत्रक आणि चक्क सॅम्पल फ्लॅटचाही उल्लेख आहे. त्यातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत. पण आखूड पलंग ही खोटी माहिती की नुसती सजावट? वकील मैत्रीण म्हणाली, करारात कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, बरोबर असेल तर भांडणं अवघड. असेल. माझ्या लेखी तो पलंग खोटंच बोलत होता.

सगळ्यात बिलंदर शब्द मात्र 'प्रस्तावित'. ब्रोशरच्या नकाशात गेटसमोर ठळक रुंद रस्ता, प्रत्यक्षात तिथे ज्वारीचं शेत. डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यात आखलेला रस्ता, नकाशावर असतोच, जमीन ताब्यात कधी येईल ते कोण सांगणार? पण कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'प्रस्तावित' छापलं की बिल्डर मोकळा.

उरलेलं काम तोंडी. "ताबा पुढच्या दिवाळीत, मॅडम," बिल्डरचा सेल्सवाला म्हणाला. जाहिरातीत क्यूआर कोड महारेराने (रेरा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) ऑगस्ट २०२३पासून सक्तीचा केलाय, तो मी तिथेच स्कॅन केला. महारेराच्या पानावर तारीख त्याच्याही दोन वर्षं पुढची. "ती कागदोपत्री असते हो," म्हणे. आणि समोरचा रस्ता? "वर्षभरात पक्का."

म्हटलं, दोन्ही गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, लगेच टोकन देते.

आज आठ दिवस झाले. रोज सकाळी न चुकता सुप्रभात येतंय. काल संकष्टीच्या शुभेच्छाही आल्या.