टोकियोत एक साल

नारिताला उतरल्या उतरल्या घड्याळ साडेतीन तास पुढे केलं. पोट मात्र अजून पुण्याच्याच वेळेवर होतं. हॉटेलवाले दुपारी तीनच्या आत खोली देईनात, म्हणून बॅगा तिथे टाकून आम्ही दोघं उएनोला फिरायला निघालो. वाटेत 'कोंबिनी' लागली. कोंबिनी म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, फक्त चोवीस तास उघडं आणि दुकानदार हसतमुख. तिथे मी एक केळं घेतलं. एकच! डझनाचा भाव विचारायची सोयच नव्हती. सुट्टे पैसे पोरीच्या हातावर ठेवायला गेलो, तर तिने अदबीने एक छोटा ट्रे पुढे सरकवला. पैसे त्यात ठेवायचे.

बाकावर बसून केळं खाल्लं. इथवर ट्रिप उत्तम चालली होती. मग साल हातात धरून कचराकुंडी शोधायला लागलो. मैलभर चाललो असेन. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही आणि कुंडीही नाही. आपल्याकडे निदान कुंडी तरी असते. कचरा तिच्या बाहेर का असेना.

शेवटी योकोहामातल्या भाच्याला फोन लावला.

"मामा, 1995 साली इथल्या मेट्रोत सारिन वायू सोडला होता ना, त्यानंतर बऱ्याच कुंड्या काढून टाकल्या. आपला कचरा आपण घरी न्यायचा."

"अरे, माझं घर कोथरूडला आहे!"

"मग जिथे केळं घेतलं त्या कोंबिनीत टाका."

म्हणजे सालीला माहेरी पोचवायचं. पण ते माहेर कुठल्या गल्लीत होतं, हे दोघांनाही आठवेना.

पुढे कोल्ड्रिंकच्या मशीनशेजारी गोल भोकांचा एक डबा दिसला. बाटल्या आणि कॅनसाठी होता, पण भोक सालीच्या बेताचं होतं. मी हात पुढे केला आणि नेमक्या एक आजी येऊन उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. साल मुकाट्याने कोटाच्या खिशात गेली.

त्याच खिशात लोकलच्या तिकिटाचं सुईका कार्ड होतं, हे यामानोते लाइनच्या गेटवर कळलं. घाईत मी मशीनवर साल टेकवली. पिंग वाजलं, दोन्ही झडपा धाडकन बंद. दादरला मागच्यांनी माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली असती. इथे सगळे गुपचूप शेजारच्या रांगेत सरकले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत तर अशी शांतता, की खिशातल्या सालीचा वासही मोठ्याने येतोय असं वाटलं. शिंजुकू स्टेशनला बाहेर पडायच्या दोनशेच्या वर वाटा आहेत म्हणे. मी ज्या ज्या वाटेने बाहेर पडलो (तीनदा, चुकून), तिथे कुंडी नव्हती.

संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवर ती काळी पडलेली साल दोन्ही हातांनी पुढे धरली आणि भाच्याने शिकवलेला शब्द उच्चारला, "गोमी."

"आ, मोएरु गोमी!" ती मुलगी आनंदाने म्हणाली. म्हणजे जळणारा कचरा. ज्या वस्तूला घंटागाडीवाला जन्मभर ओला कचरा म्हणत आला, ती इथे जळणारी निघाली!

तिने सवयीने ट्रे पुढे सरकवला. मी साल त्यात ठेवली. ती कमरेत वाकली. मीही वाकलो.

मागून ही पुटपुटली, "अहो, पावती घ्या."